कुंभारवाड्यातली किल्ल्याची चित्रं: आणली, मांडली, भिजवली

यंदा सोसायटीच्या दिवाळीतल्या किल्ल्याची चित्रं आणायचं काम माझ्यावर पडलं. पडलं म्हणजे काय, मीच मीटिंगमध्ये गेल्या वर्षीच्या ऑनलाइन सेटबद्दल जरा जास्तच बडबड केली, मग सगळे म्हणाले बरोबरे तुझं, आता तूच आण. वर्गणीतले २००० रुपये हातात ठेवले आणि वर पोरांनी वहीच्या पानावर लिहिलेली यादी. (चित्रं म्हणजे किल्ल्यावर मांडायची मातीची माणसं हो. आमच्या जाऊबाईंना दरवर्षी सांगावं लागतं, त्यांना वाटतं आम्ही फ्रेम लावतो किल्ल्याला.)

गेल्या वर्षीचं आधी सांगून टाकते म्हणजे तुलना कळेल. एका साइटवरून बारा मावळे मागवले होते ८९९ ला. फोटोखाली हॅन्डमेड, क्ले, इको फ्रेंडली सगळं लिहिलेलं. खोकं उघडलं तर चार जणांचे भाले मोडलेले, दोघांची मुंडकी वेगळी, आणि मोडलेल्या जागी आत पांढरंशुभ्र. नखानं खरवडलं तर खडूसारखी पूड. पीओपी! मोडलेल्यांचे फोटो पाठवा म्हणाले, पाठवले, त्यावर आजपर्यंत उत्तर नाही. बरं पीओपी वाईटच असतं असं नाही, मजबूत असतं, स्वस्त असतं, पाणी पडलं तरी लगेच विरघळत नाही, पण मग माती म्हणून विकू नका ना.

तर यंदा ठरवलं की हातात घेऊन, उलटंपालटं करून मगच घ्यायचं आणि वसुबारसेच्या आठदहा दिवस आधी पुण्यात कसब्यातल्या कुंभारवाड्यात गेले. सकाळी लवकर गेले ते बरं केलं कारण अकरानंतर तिथे गाडी लावायचा विषयच काढू नका. रस्त्याच्या कडेनं पणत्यांचे ढीग, तयार किल्ले (हो, आता किल्लाही तयार मिळतो, घरी नेऊन नुसता ठेवायचा, त्यावर माझं मत विचारू नका), आणि पाटांवर ओळीनं मावळे, भालदार, चोपदार, तोफा, वाघ, हत्ती, भाजीवाल्या, गवळणी. पहिल्या तीनचार दुकानांत बहुतेक माल पीओपीचाच होता, आणि विचारलं तर सरळ सांगतात, लपवत नाहीत, हे मला आवडलं. शाडूचं पाहिजे तर आत गल्लीत जा म्हणाले.

आत गेले तर एका घराच्या ओट्यावरच दुकान. पाटी नाही काही नाही. एक मावशी बसलेल्या, पुढ्यात ओल्या फडक्याखाली मातीचा गोळा, बाजूला सुकत घातलेली माणसं. मी आपली हुशारी दाखवत एक मावळा उलटा केला, बोट ओलं करून बुडाला घासलं. शाडू असेल तर तेवढ्यापुरती गडद होते, बोटाला बुळबुळीत लागते आणि पहिल्या पावसासारखा वास येतो, पीओपी नुसतं पाणी पितं आणि गप्प बसतं. शिवाय शाडूचं चित्र हाताला जड लागतं. मावशी बघत होत्या. म्हणाल्या, "ताई, चाटून बघा की, मीठ नाही घातलेलं." मी तिथेच गार.

आता मुद्द्याचं सांगते, कारण तिथे दीड तास बसून मला जे कळलं ते इतकी वर्षं किल्ले करूनही माहीत नव्हतं. आपण सरसकट हातानं केलेली चित्रं म्हणतो ना, ती सगळी हातानं केलेली नसतात. मावळे साच्यातले असतात. पुढचा अर्धा साचा, मागचा अर्धा साचा, दोन्हीत माती दाबायची, कडांना पातळ चिखल लावायचा, जोडायचं, थोडं आकसलं की साचा सोडवायचा आणि मग बाजूनं जी जोडाची रेघ दिसते ती ओल्या बोटानं पुसायची. घाईच्या मालात ती रेघ तशीच राहते. तुमच्याकडचा कुठलाही मावळा घ्या आणि कानामागे बघा. मी घेतलेल्या दहातल्या तिघांना होती, एकाच्या तर कानापासून थेट ढालीपर्यंत, जसा काही झिप लावलेला. आणि साचा एकच म्हटल्यावर दहाही जणांना एकच चेहरा, एकच मिशी, एकच राग. दहा जुळे भाऊ गडावर. ४० रुपयाला एक, दहाचे ४००, त्या मानानं ठीक, पण यात फार जीव अडकावा असं काही नाही. रंगही अंगठ्याला लागतो, डिंक कमी पडलाय, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. "आखणी झाल्यावर हात लावायचाच नसतो ताई" असं उत्तर मिळालं (आखणी म्हणजे शेवटी डोळे-मिशा रंगवणं). बरं! पोरांना सांगा तुम्हीच.

खरी मजा आहे गावातल्या माणसांत. ती साच्यातली नाहीत, निदान या मावशींची तरी नाहीत. कोळीण बघितली मी आणि तिथेच बसले. साधारण चार इंच, काष्टा घातलेली, डोक्यावर टोपली, आणि टोपलीत एकेक मासा वेगळा करून ठेवलेला, एकेक! काडेपेटीच्या काडीनं टोचून डोळा, नखानं दाबून खवले. चार कोळणी घेतल्या, चौघी वेगळ्या. एक सरळ उभी, एक कमरेवर हात ठेवून, एकीची टोपली रिकामी (विकून आलीये म्हणे), आणि एक मान मागे वळवून कोणावर तरी ओरडतेय. तोंड उघडं आहे तिचं. त्या एवढ्याशा तोंडात लाल रंगाचा ठिपका. माझ्या मते ६० रुपयात यापेक्षा जास्त करमणूक मिळत नाही. चौघींचे २४०.

मी विचारलं मग मावळे का नाही करत असे, तर म्हणाल्या मावळे लोक शेकड्यानं मागतात आणि भाव करतात, कोळीण कोणी मागत नाही म्हणून निवांत करता येते. यावर मी काय बोलणार, मी पण मावळ्यांचा भाव करूनच बसले होते.

भाल्याची पण एक गंमत. मावळ्याच्या हातातला भाला म्हणजे खराट्याची काडी असते, ते आपल्याला माहितीये, पण ती ओल्या मातीत खोचत नाहीत. माती सुकताना आकसते, काडी काही आकसत नाही, मग मूठ तडकते. म्हणून ओली असताना नुसतं भोक पाडून ठेवायचं आणि पूर्ण सुकल्यावर काडी घालायची, म्हणून तर भाले सैल असतात आणि पोरं ते काढून एकमेकांना टोचतात. इतकी वर्षं मला वाटायचं हा आळशीपणा आहे. तसंच घोड्याचं, पोटाखाली झुडूप किंवा खडक का असतो, तर कच्च्या मातीचे चार बारीक पाय ते धड पेलत नाहीत. आणि सुकवायचं सावलीत. उन्हात घातलं की वरून लवकर सुकतं, आतून ओलं राहतं आणि चीर जाते. हे सगळं त्या हात चालू ठेवून सांगत होत्या, बोलता बोलता एक म्हातारा तयार झाला, काठीवर वाकलेला. तो विकायला नव्हता. म्हणजे मी विचारलं तर म्हणाल्या ओला आहे, पुढच्या आठवड्यात या.

आता किल्ल्याकडे येते, कारण घोळ तिथे झाला. आमच्या पोरांनी यंदा खांदेरी करायचा ठरवला. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यात खांदेरी आहे, शाळेत त्यावर प्रोजेक्ट झालं होतं, आणि राजगड तीनदा करून झालाय, रायगडही झालाय. म्हटलं करा. पण खांदेरी म्हणजे जलदुर्ग, अलिबागजवळ समुद्रात. म्हणजे पाणी पाहिजे. म्हणजे खरं पाणी पाहिजे काकू, निळा कागद नको. खड्डा खणून ताडपत्री घालून समुद्र. आणि समुद्र म्हटला की गलबतं पाहिजेत, कारण १६७९ साली महाराजांनी हा किल्ला बांधायला घेतला तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघंही अडवायला आले होते आणि तरी बांधकाम थांबलं नाही, तर ती लढाई दाखवल्याशिवाय किल्ल्याला अर्थ काय? हे सगळं मला सहावीतल्या मुलानं ऐकवलं, बरोबरच होतं त्याचं.

गलबतं बाजारात नाहीत. सगळीकडे विचारलं. तोफा आहेत, वाघ आहेत, विमानसुद्धा दिसलं एका ठिकाणी (!), होडी नाही. मावशींना विचारलं तर आधी नाही म्हणाल्या, मग म्हणाल्या फोटो दाखवा. मोबाईलवर दाखवला. दोन मिनिटं बघितला, झूम करायला लावला, आणि मातीचा गोळा घेऊन अंगठ्यानं मधे दाबत दाबत होडीचा पोटाचा भाग केला, टोक ओढून वर काढलं, कडेला चिमटे घेत फळ्यांच्या रेघा. दहा मिनिटं फार तर. डोलकाठीला पुन्हा खराट्याची काडी, शीड कापडाचं तुम्ही लावा म्हणाल्या. तीन होड्या सांगितल्या, १२० ला एक, चार दिवसांनी न्यायला या. मी विचारलं पाण्यात चालेल ना? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. "ताई, कच्ची माती आहे. भट्टीत घातली असती तर गोष्ट वेगळी."

हे पण नीट समजून घ्या, मी नव्हतं घेतलं. शाडूची चित्रं भाजलेली नसतात, नुसती सुकवलेली असतात. पणती, कुंडी, माठ भाजलेला असतो, साधारण ६०० अंशांच्या वर तापली की मातीत जे मुरलेलं पाणी असतं तेही निघून जातं आणि मग तिचा पुन्हा चिखल होत नाही. शाडूचा होतो. गणपती विसर्जनाला तेच तर हवं असतं आपल्याला. किल्ल्याला नको असतं. मी मान डोलावली आणि घरी येऊन कोणाला सांगायची विसरले.

हिशोब देऊन टाकते, सोसायटीवाले पण वाचतील. मावळे ४००, कोळणी २४०, होड्या ३६०, सहा तोफा १८०, सिंहासनावरचे महाराज २५०, गावाचा सेट ३५० (त्यात विहिरीवरची बाई, जात्यावरची बाई, बैलजोडी आणि भाजीवाली), आणि एक वाघ ५०. झाले १८३०. उरलेले १७० दोन खेपांच्या रिक्षात गेले आणि वरचे माझ्या पदरचे, मागत नाहीये, फक्त सांगतेय. वाघ बेटावर कशाला असं विचारू नका, वाघाशिवाय किल्ला होत नाही. तळमजल्यावरच्या आजोबांनी मात्र विचारलंच. शिवाय महाराजांचं सिंहासन खांदेरीवर कसं, राज्याभिषेक रायगडावर १६७४ ला झाला, आणि पोरांनी पुठ्ठ्याचं दीपगृह केलंय ते १८६७ चं आहे, मावळ्यांच्या शेजारी कसं? पोरं म्हणाली आजोबा, मोठी कोळीण आणि छोटा मावळा चालतो ना, मग हेही चालतं. यावर आजोबा गप्प. मापाचा विषय तसाही काढू नये. तीन इंची मावळा म्हणजे माणूस साधारण २२ पट लहान केला, त्या हिशोबानं रायगड करायचा तर समुद्रसपाटीपासूनचे ८२० मीटर धरून ३७ मीटर भरेल, म्हणजे १२ मजली. आमची बिल्डिंग सातच मजली आहे.

पॅकिंगबद्दल: वर्तमानपत्र आणि भाताचं काड, बस. मला धाकधूक होती, रिक्षा प्रत्येक खड्ड्यात जात होती, पण घरी येऊन सोडलं तर फक्त एका बैलाचं शिंग गेलेलं. थर्माकोल आणि फोममधनं आलेल्या गेल्या वर्षीच्या सेटपेक्षा कितीतरी बरं. शिंग पोरांनी काडेपेटीच्या काडीचं लावलं, आता तो जास्त रागीट दिसतो.

मांडल्यावर पहिले तीन दिवस काय दिसत होतं सांगू! अळीव छान उगवलेला, हिरवागार उतार, खाली कोळीवाडा, चार कोळणी, वर तटावर जुळे भाऊ, समुद्रात तीन गलबतं. गलबतं विटांवर ठेवली होती, विटा पाण्याखाली, वरून दिसायचं की तरंगतायत, ही आयडिया माझी. येणारा प्रत्येक माणूस वाकून कोळणीच बघत होता. मावळ्यांकडे कोणी ढुंकून बघेना. ती ओरडणारी तर एवढी फेमस झाली की तिला आमच्या सेक्रेटरीबाईंचं नाव पडलं, कोणी पाडलं ते मी सांगणार नाही.

मग अळिवाला पाणी मारायचं काम ज्या दोघांकडे होतं त्यांनी प्रेमानं रोज दोनदा स्प्रे मारला, चित्रांसकट. चौथ्या दिवशी जात्यावरची बाई जात्यासकट खचली. भाजीवालीचा रंग भाजीत उतरला. मावळे बरे टिकले कारण ते वर होते, कोरड्यात, हा एक पॉइंट मावळ्यांना. त्याच रात्री पाऊस आला, दिवाळीत येतो तसा, अचानक, धावत जाऊन ताडपत्री टाकली पण तटावरचे दोघं गेलेच. सकाळी बघितलं तर एकाची मिशी गळ्यापर्यंत आली होती.

आणि पाडव्याला संध्याकाळी आमच्या धाकटीनं, वय वर्षं पाच, सगळे फराळात गुंतलेले बघून एक गलबत विटेवरून उचललं आणि खरंच समुद्रात सोडलं. ते एक क्षण तरंगलं म्हणे. तिच्या म्हणण्याप्रमाणे. मग बसलं. आम्ही पोचलो तोवर कडा पाण्यात विरघळायला लागल्या होत्या, दुधात बिस्कीट विरघळतं ना, अगदी तसं, आणि शीड तेवढं वर. रडारड झाली. सहावीतला म्हणाला इंग्रजांचं बुडालं असं समजू, झालं, लढाई पूर्ण. त्यानं ती गप्प झाली.

तर घ्यायची का? लहान मुलं हाताळणार असतील आणि किल्ला उघड्यावर असेल तर मावळे सरळ पीओपीचे घ्या, फक्त तसं सांगून विकणाऱ्याकडून, आणि दिवाळी झाली की जपून ठेवा, दहा वर्षं चालतात. फेकू नका नदीत वगैरे. पण गावातली माणसं, कोळणी, म्हातारा, बैल, ही हातानं केलेलीच घ्या, शाडूची घ्या, अळिवापासून वीतभर लांब ठेवा आणि स्प्रेवाल्याला आधी समज द्या. साच्यातल्या मावळ्यांना मी पाचपैकी अडीच देईन, रंग लागतो आणि झिप दिसते म्हणून. कोळणींना पाच. होड्यांना किती द्यायचे कळत नाही, कारण चूक होडीची नव्हती. वसुबारसेच्या आधी आठवडाभर तरी जा, नंतर गेलात तर आखणी घाईत होते आणि डोळे तिरळे येतात, माझ्या शेजारणीचे सगळे मावळे एकाच बाजूला बघतायत. काही वेगळं करून हवं असेल तर आणखी आधी जा आणि फोटो घेऊन जा. यूपीआय चालतं पण नेटवर्क गल्लीत येत नाही, रोख ठेवा.

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडला तेव्हा समुद्र उपसून खाली बसलेली माती काढली, गलबताचीच सगळी, एक वाटीभर गोळा झाला, निळसर. धाकटी तो टाकू देईना. म्हणून परवा कसब्यात गेले होते तेव्हा डब्यातून घेऊन गेले, आणि त्या म्हाताऱ्याची चौकशी पण करायची होती (विकला गेला होता, दिवाळीच्या आधीच). मावशींनी गोळा हातात घेतला, चोळून बघितला, म्हणाल्या माती चांगली आहे, रंग जातो थोडा वाळवून चाळली की, ठेवून जा, पुढच्या वर्षी हिचीच होडी करून देते. मी म्हटलं मग पैसे कमी ना मावशी? म्हणाल्या, माती तुमची असली तरी अंगठा माझाच आहे, १२०च.